पिवळ्या पुस्तकातली पस्तिसावी सूचना

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मी आधी विचारून घेतलं, "मी नाताळवाली बाई, तुम्हाला चालेल?" ते म्हणाले, "तुमच्याकडे करंज्या होतात ना?" होतात. दोन्ही सणांना होतात, आणि दोन्ही वेळा शेजारणीच्या माझ्यापेक्षा खुसखुशीत होतात. तर तेवढ्या हक्काने लिहिते आहे.

माझी नोकरी काय होती ते मला आजवर कोणाला एका वाक्यात सांगता आलेलं नाही. जनगणनेवाल्याने "शिक्षिका" लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेला. सगळे मला मास्तरीणबाई म्हणत, पण माझे विद्यार्थी पंचवीस-तीस वर्षांचे असत आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त विषय येत. रत्नागिरीत आमच्या मिशनचा एक जुना कौलारू बंगला होता. ऐंशीच्या दशकात परदेशी माणसं येणं जवळजवळ थांबलं होतं. येत ती आपल्याच देशातली, पण लांबून: कोणी केरळातून, कोणी तमिळ मुलखातून, कोणी थेट मिझोराममधून. कोणी नर्स, कोणी शिक्षक, कोणी शेतकी शिकलेला. त्यांना आतल्या गावांत कामाला पाठवायचं असे. त्याआधी तीन महिने ती माझ्या ताब्यात. धर्म शिकवायचं काम माझ्याकडे नव्हतं, तो ते गावाहून बरोबर घेऊनच येत. मी त्यांना मराठी शिकवायचे, आणि चपला कुठे काढायच्या ते शिकवायचे.

चपलांचं काम जास्त अवघड असतं. भाषा चुकली तर माणसं हसतात आणि सुधारून सांगतात. रीत चुकली तर कोणी काही सांगत नाही. नुसतं उद्यापासून येणं बंद करतात, आणि बिचारा परगावचा माणूस आपलं काय चुकलं याचा विचार करत दारात बसून राहतो. म्हणून मी एक पुस्तक केलं होतं. पुस्तक म्हणजे स्टेन्सिलवर लिहून सायक्लोस्टाइल केलेली सोळा पानं, पिवळं कव्हर, दोन टाचण्या. त्यात चौतीस सूचना होत्या आणि त्या पुस्तकाचा मला भयंकर अभिमान होता. पुण्याच्या मुख्य कार्यालयातून जास्तीच्या प्रती मागवल्या गेल्या तेव्हा मी आठवडाभर ताठ मानेने बाजारात हिंडत होते.

नमुना म्हणून एक-दोन सांगते. "कोणी काही खायला दिलं तर पहिल्यांदा 'नको' म्हणा, दुसऱ्यांदा 'कशाला उगाच' म्हणा, तिसऱ्यांदा घ्या." "मासळीवालीशी घासाघीस करा, पण मासळी ताजी आहे का असं विचारू नका. जे ऐकावं लागेल त्याचा अर्थ मी तुम्हाला सांगणार नाही." "पुरे झालं असेल तर ताट रिकामं होण्याआधीच त्यावर हात आडवा धरा." ही शेवटची सूचना मी लाला नावाच्या एका मिझो तरुणामुळे घातली. त्याच्याकडे वाढलेलं संपवणं हा मान, आणि आमच्याकडे ताट रिकामं दिसलं की आणखी वाढणं हा मान. पावसच्या बाजूला एका घरी दोन्ही बाजूंनी एकमेकांचा मान राखता राखता लाला सतरा घावने खाऊन गेला. घरातल्या आजी मला पुढे कित्येक वर्षं विचारत होत्या, "तो तुमचा घावनेवाला बरा हाय ना?"

आणि एक गोष्ट पुस्तकात नव्हती, ती मी माझ्या डोक्यात ठेवली होती: दुसऱ्या महिन्याचं रडं. पहिला महिना सगळे उत्साहात असतात. समुद्र, कौलं, फणस, सगळं छान. तिसऱ्यात जरा बोलता यायला लागतं. मधल्या महिन्यात मात्र हटकून रडू येतं, दाढीवाल्या बाप्यांनासुद्धा. माझा इलाज ठरलेला होता. आधी पोटभर रडू द्यायचं. "देव आहे" वगैरे आपण सांगायला जायचं नाही, ते त्यांना माहीत असतं. मग आपल्या स्वयंपाकघराचा ताबा देऊन म्हणायचं, तुझी आई करते ते कर. मग मांडवीच्या धक्क्यावर फिरायला न्यायचं. आणि दुसऱ्या दिवशी त्याला येतं ते काहीतरी दुसऱ्या कोणाला शिकवायला लावायचं, कारण महिनाभर सतत शिकत राहिलं की चांगल्या शहाण्या माणसाला आपण मठ्ठ आहोत असं वाटायला लागतं. या इलाजाला दाद न दिलेला माणूस मी पाहिला नाही.

सिस्टर लीलाम्मा मात्र दुसऱ्या महिन्यात रडली नाही. ती हसायची. उंच, काळीसावळी, केसांना खोबरेल चोपडलेली ही केरळची नर्स आली त्या दिवशीच माझ्या माशाच्या आमटीत कोकम बघून हसली आणि तिसऱ्या दिवशी तिनेच ती आमटी माझ्यापेक्षा बरी केली. मराठी तर अशी भराभर उचलली की मला शिकवायला काही उरेना. पिवळं पुस्तक तिला तोंडपाठ होतं. मी विचारायचे, "सूचना बारा?" आणि ती शाळकरी मुलीसारखी उभी राहून म्हणायची, "माणसं दिसली की स्वतःहून विचारपूस करा. तोंड मिटून जाणाऱ्याला इथे गर्विष्ठ समजतात." अशी विद्यार्थिनी मिळाली की शिक्षकाचं डोकं फिरतं. मी सगळ्यांना सांगत सुटले, की ही बघा, ही माझी.

तिची नेमणूक झाली लांज्यापासून आत, डोंगराच्या अंगाला एका गावात. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं हा अंक वाचतात आणि मला अजून तिथे जेवायला जायचं असतं. गावाच्या पाटलांनी आपल्या दोन खोल्या दवाखान्यासाठी दिल्या होत्या. जागा अगदी मोक्याची. एसटी थांबायची तो फणस समोर, आणि गावातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला दवाखान्याच्या पायरीवरूनच जावं लागायचं. मी स्वतः जाऊन जागा पाहिली होती आणि म्हटलं होतं, वा, इथे बसलं की आपोआप ओळखी होतील.

दोन महिन्यांनी पाटलांचं कार्ड आलं. "मास्तरीणबाईंनी एकदा येऊन जावे. विषय समक्ष बोलण्याचा आहे." दवाखान्यात एकही माणूस येत नाही हे सिस्टरच्या पत्रांवरून मला कळलं होतंच. "लोक फार लाजाळू आहेत," असं ती लिहायची. कोकणातली माणसं आणि लाजाळू? मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मी आदल्या संध्याकाळी पोचले आणि सकाळी चहाचा कप घेऊन पायरीवर सिस्टरच्या शेजारी बसले. साडेआठची एसटी फणसाखाली येऊन उभी होती. पहिला आला एक गृहस्थ, काखेत कागदांचं भेंडोळं. जमिनीच्या दाव्याची तारीख होती म्हणे. सिस्टरचा चेहरा सूर्यासारखा उजळला. ती उठून उभी राहिली, हात जोडले आणि अतिशय गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार काका! कुठे चाललात?"

त्या गृहस्थाचा पाय हवेतच राहिला. त्याने सिस्टरकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं, पाठ फिरवली आणि आल्या वाटेने घरी निघाला.

जे वाचक आमच्या बाजूचे नाहीत त्यांना सांगायला हवं. आमच्याकडे घराबाहेर पडलेल्या माणसाला "कुठे चाललात?" असं कधीही विचारत नाहीत. विचारलं की काम फिसकटलं. मग त्या माणसाने परत फिरायचं, छपराखाली बसायचं, पाणी प्यायचं, थोडं थांबायचं आणि नव्याने निघायचं. यात धर्मबिर्म काही नाही. माझे वडील उपदेशक होते. पण रविवारी सकाळी बायबल काखेत मारून आमच्या ख्रिस्ती देवळात निघाले असताना कोणी "कुठे निघालात?" म्हणालं की तेसुद्धा परत येऊन ओटीवर टेकत. "तहान लागली," असं आईला सांगत. आई तांब्या पुढे करी.

तर मी चहाचा घोट तोंडात धरून बसले होते. तेवढ्यात डोक्यावर काजूबियांच्या टोपल्या घेऊन दोघीजणी आल्या. "ताई, कुठे चाललात?" टोपल्यांसकट दोघी माघारी. मग आली पाच जणांची टोळी, पांढऱ्या टोप्या, एकाच्या हातात नारळ. मुलगी बघायला निघालेली मंडळी ओळखू येतातच. मी सिस्टरचा पदर ओढला. तिला वाटलं मी तिला उत्तेजन देते आहे. "नमस्कार! सगळे मिळून कुठे चाललात?"

पाचही टोप्या एकदम वळल्या. नारळवाल्याने नुसता सुस्कारा टाकला. पाटलांनी मला नंतर सांगितलं की त्या मुलीला बघायला निघण्याची त्यांची ही तिसरी खेप होती, आणि यानंतर मुलीकडच्यांनी कंटाळून दुसरं स्थळ धरलं. कंडक्टरने रिकाम्या गाडीकडे एकदा पाहिलं, डबल बेल दिली आणि गाडी निघून गेली. सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंत? किती लाजाळू आहेत!"

मी इतकी हसले की चहा नाकातून आला. मग एकदम माझं हसू थांबलं, कारण पाटील अंगणातून येत होते.

"मास्तरीणबाय," ते म्हणाले, "पोर गुनाची हाय. औषद बी चांगला देत आसल, आमी घेतलाच नाय तर काय सांगनार? पन आमच्या गावात आता कोन येळंवर कुटं पोचंना. मान्सां मागच्या मागं शेताच्या बांदावरना जातत, म्हातारी-कोतारी घसरून पडतत. आनि पडली तरी इकडं येत नायत. ह्या असा किती दिवस चालनार? तिला तुमी घेऊन जावा, नायतर मला खोल्या परत द्या."

मी सिस्टरला आत नेलं आणि झापलं. मला राग लवकर येतो आणि तो आला की मी शुद्ध बोलते. ती सगळं ऐकून घेत होती, तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी ती म्हणाली, "पण मास्तरीणबाई, आमच्याकडे वाटेत भेटलेल्या माणसाला पहिलं हेच विचारतात. कुठे चाललास, असं. विचारलं नाही तर त्याला वाटतं, याला माझ्याशी काही देणंघेणं नाही. मी सूचना बारा पाळत होते." आणि मग ती रडली. दुसऱ्या महिन्याचं राहिलेलं सगळं रडं तिने त्या दिवशी काढलं.

आता माझ्या हातून झालेली गोष्ट सांगते. इतकी वर्षं एक-दोघांशिवाय मी ती कोणाला सांगितलेली नाही. चूक माझी होती. चौतीस सूचनांत ही सूचना नव्हती, कारण असं कोणी विचारील हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. श्वास घ्या, हेही मी लिहिलं नव्हतंच की. पण पिवळ्या पुस्तकाला कोणी नाव ठेवावं हे मला सहन होणारं नव्हतं. रत्नागिरीला परत आल्याबरोबर मी पुण्याच्या मुख्य कार्यालयातल्या साहेबांना पत्र टाकलं: सिस्टर लीलाम्मा स्थानिक लोकांशी जुळवून घेण्यास असमर्थ आहेत, त्यांची नेमणूक दुसरीकडे करावी. पत्र पेटीत पडल्याचा आवाज झाला आणि मला बरं वाटलं नाही. पण पेटीतून पत्र काढता येत नाही.

महिना गेला, दोन गेले, पुण्याहून उत्तर नाही. मला वाटलं पत्र गहाळ झालं असावं, आणि मी देवाचे आभार मानले.

इकडे मी पाटलांकडून थोडी मुदत मागून घेतली होती, आणि सिस्टरने तोंड शिवल्यासारखं मिटलं. पायरीवर उभी राहून ती नुसते हात जोडायची आणि अगदीच राहवलं नाही तर "जाऊन या, सावकाश" म्हणायची. माणसं पुन्हा पायरीवरून जाऊ लागली. एक-दोघं खोकल्याचं औषध न्यायला आली. आणि मग एक गंमत सुरू झाली. ज्यांना कुठे जायचं नसे ती माणसं गुपचूप येऊन सिस्टरला गळ घालू लागली. एका म्हाताऱ्याला मुलगा जबरदस्तीने मुंबईला नेणार होता. तो आदल्या दिवशी येऊन म्हणाला, "सिस्टर, उद्या साडेआठला मी हितनं जानार. तेवडा इचारा हां माका." एका सुनेला नणंदेकडच्या बारशाला जायचं नव्हतं. ती पायरीशी चार वेळा घुटमळली. सिस्टर कोणालाच बधली नाही. "मास्तरीणबाईंनी मना केलंय," म्हणायची. गावाला ते भारी आवडलं. हिला हवं तेव्हा अख्खं गाव थांबवता येतं, आणि तरी ती थांबवत नाही!

मी दर महिन्याला एक फेरी मारत असे. श्रावण संपत आला होता त्या वेळची गोष्ट. सकाळी पायरीवर आम्ही दोघी उभ्या होतो. एसटी फणसाखाली, इंजिन चालू. वरच्या वाडीतून धोंडूतात्या आले. हा माणूस म्हणजे ताठ बांबू, ऐकणं माहीत नाही. मागे त्यांची सून सुनंदा, पहिलटकरीण, आठवा महिना. तिला माहेरी पोचवायला निघाले होते. माहेर राजापूरच्या पलीकडे घाटाखाली. दोन गाड्या बदलायच्या आणि मग दीड-दोन तास चालायचं.

"हिचा चेहरा बघा," सिस्टर मला हळूच म्हणाली. चेहरा सुजला होता, पायात चपला मावत नव्हत्या, डोळ्यांवर उजेड सहन होत नसावा अशी ती पदर पुढे ओढून चालली होती. सिस्टरने तिला आठवड्यापूर्वी पाणवठ्यावर पाहिलं होतं आणि दोनदा घरी निरोप पाठवला होता, तपासायला आणा म्हणून. धोंडूतात्यांचं उत्तर होतं, "पयला बाळंतपन म्हायेरी. आमच्यात तपासत नायत." रक्तदाब चढला असला तर ती वाटेतच झटके येऊन जाईल, असं सिस्टर मला रात्रीपासून सांगत होती. "तात्या, फक्त पाच मिनिटं—" मी पुढे होऊन म्हटलं. "गाडी सुटंल," तात्या न थांबता म्हणाले.

सुनंदाने मान वर केली आणि सिस्टरकडे पाहिलं. तिला सासऱ्यासमोर बोलता येत नव्हतं. पण गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं, तसं तिलाही माहीत होतं, की या बाईला एक प्रश्न येतो.

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी तिचा दंड धरला. का धरला मला सांगता येत नाही. इतक्या कष्टाने जमलेलं सगळं पुन्हा मोडेल, पाटील खोल्या काढून घेतील, असं काहीतरी मनात आलं असावं. तिने माझा हात सोडवला, पायरी उतरली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि सगळ्या एसटीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "धोंडूतात्या! कुठे चाललात?"

तात्यांचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता. तो त्यांनी खाली घेतला. नंतर ते सिस्टरला, मला, मिशनला आणि केरळला उद्देशून जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येत नाही. पण गाडीत चढायची त्यांची हिंमत झाली नाही. पहिलटकरीण बरोबर असताना कोण चढेल? कंडक्टर खिडकीतून म्हणाला, "आता नका येव तात्या, खरा नाय," आणि त्याने डबल बेल दिली.

घर अर्धा तास वर डोंगरात. टेकायला जवळचं छप्पर एकच, दवाखान्याचं. तात्या पडवीत बाकावर बसले आणि गुरगुरले, "पानी."

मी तांब्या काठोकाठ भरला, म्हणजे प्यायला वेळ लागेल. ते पीत होते तोवर सिस्टरने आत सुनंदाच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा ऐकून मला काही कळलं नाही, पण सिस्टरचं हसू मावळलेलं मी दुसऱ्यांदा पाहिलं. ती बाहेर आली आणि तात्यांसमोर जमिनीवर बसली. "तात्या," ती म्हणाली, "ती आज घाट उतरली तर दोघं जातील. तुम्ही मला मारा, पण तिला रत्नागिरीला न्या." तात्यांनी तांब्या खाली ठेवला. मी माझ्या शुद्ध मराठीत काहीतरी भयंकर सुरू करणार होते, पण त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. "निघताना आडवा प्रश्न आला," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "म्हंजे म्हायेरची वाट आज बंदच." आणि मग पाटलांना हाक मारली, "अरं, काजूवाल्याचा टेंपो हाय काय बघ!"

टेंपोत काजूच्या पोत्यांवर गोधड्या घालून सुनंदाला झोपवलं. सिस्टर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, तात्या ड्रायव्हरशेजारी, आणि मी मागे पोती धरून. रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात दोन दिवसांनी मुलगी झाली, मूठभर, पण आवाज असा की बाहेर व्हरांड्यात बसलेले तात्या दचकून उभे राहिले. सुनंदा वाचली. तात्यांनी नातीला पाहिलं आणि मला म्हणाले, "सिस्टरनी इचारल्यान म्हनून." एवढंच. ते वाक्य पुढच्या महिनाभरात त्यांनी तालुक्यातल्या प्रत्येक माणसाला ऐकवलं. पडवीत रांग लागायला लागली. बाक कमी पडले तेव्हा पाटलांनी तिसरी खोलीही उघडून दिली.

आणि मग पुण्याहून पाकीट आलं.

आमचे साहेब जन्माने राजापूरचे, पण वीस वर्षं पुण्यात राहून आपण कोकणी आहोत हे त्यांना फक्त आंब्याच्या दिवसांत आठवायचं. त्यांनी माझं पत्र गहाळ केलं नव्हतं, विचारपूर्वक फाईलला लावलं होतं. "आपल्या शिफारशीप्रमाणे" सिस्टर लीलाम्माची बदली खेडच्या बाजूच्या मुलींच्या वसतिगृहात केली होती, आणि हुकूम मीच नेऊन द्यायचा होता. एसटीत लांज्यापर्यंत ते पाकीट मांडीवर घेऊन मी बसले होते. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

मी तिला सगळं सांगितलं. पत्र, त्यातले शब्द, सगळं. तिने हुकूम दोनदा वाचला आणि हसली. "तेव्हा खरंच होतं ते," म्हणाली. "इथे पाठवलं तेव्हा आले. तिथे पाठवलं तर जाईन." मग स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. धूर झाला म्हणाली. चूल पेटवलेलीच नव्हती.

निघायच्या दिवशी साडेआठला सगळं गाव फणसाखाली होतं. कोणी बोलत नव्हतं. काय बोलणार? निघालेल्या माणसाला अडवायचं नाही ही रीत सगळ्यांच्या हाडात मुरलेली. बाया नुसत्या डोळ्यांना पदर लावत होत्या. धोंडूतात्या दुपट्यातल्या नातीला छातीशी धरून पुढे उभे होते. त्यांचं तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. पाटील आकाशाकडे बघत होते. सिस्टरची ट्रंक गाडीच्या टपावर चढली. तिने सगळ्यांना हात जोडले आणि गाडीकडे निघाली.

तिचा पाय पायरीवर पडणार, एवढ्यात कोणीतरी खणखणीत आवाजात विचारलं, "काय सिस्टर, कुठे चाललात?"

सगळ्या माना वळल्या, त्या माझ्याकडे. आवाज माझा होता. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना रीत शिकवत आले, आणि त्या सकाळी गावासमोर उभी राहून मीच ती मोडली. मग धोंडूतात्या नातीला उंच धरून ओरडले, "सिस्टर, कुटं चाल्लाव?" आणि मग सगळेच. टोपल्यावाल्या, मुलगी बघणारे पाचजण, मुंबईहून परत आलेला म्हातारा, सगळे एकदम, "कुटं चाल्लाव? कुटं चाल्लाव?" माणसं विचारत होती आणि हसत होती आणि रडत होती. कंडक्टर टपावर चढून ट्रंक खाली सोडायला लागला होता, त्याला कोणी सांगायची वेळ आली नाही.

सिस्टर हसत हसत परत फिरली, पडवीत बसली, आणि सुनंदाने तिच्या हातात तांब्या दिला. दुपारच्या गाडीला ती पुन्हा निघाली. गावाने पुन्हा विचारलं. संध्याकाळच्या गाडीला ती उठलीच नाही.

तिसरी गाडी गेल्यावर मी पाटलांकडून एक कार्ड मागून घेतलं आणि त्यांच्याच पडवीत बसून साहेबांना लिहिलं: "सिस्टर लीलाम्मा हुकमाप्रमाणे निघाल्या होत्या. निघताना मी त्यांना 'कुठे चाललात' असे विचारले. चूक सर्वस्वी माझी आहे. पहिली चूकही माझीच होती."

साहेबांचं उत्तर आठवड्याने आलं. अक्षर त्यांच्या स्वतःच्या हातचं होतं, टाइप केलेलं नव्हतं. एकच ओळ होती: "मग आता निघून उपयोग नाही. त्यांना तिथेच राहू द्या."